घंटेची तार

४ मार्च

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. तुझं क्षेम कळव, आणि या खेपेला नीट कळव. 'ठीक' या एका शब्दावर माझी बोळवण करायची नाही. गेल्या वर्षी दोनदा इस्पितळात राहून आलास, आणि दोन्ही वेळा मला वहिनीकडून कळलं. सख्ख्या बहिणीला सगळ्यात शेवटी कळावं, आणि बहीण तरी कोण, तर उठल्याबसल्या स्वादुपिंडाशिवाय जिला दुसरं काही सुचत नाही ती! दारू नाही, खडे नाहीत, तरी तुझं स्वादुपिंड सुजतं कशानं हे तुझ्या डॉक्टरांना कळत नाही. मलाही कळत नाही. जे कळत नाही त्याचा मला रागच येतो, तुला ठाऊक आहे.

बरं, आता आनंदाची बातमी. आमचा प्रयोग जमला! तुला समजेल असं सांगते, मध्ये जांभया देऊ नकोस. अन्न पचवणारे रस स्वादुपिंडात तयार होतात. ते आतड्यात पोचायच्या आधीच कामाला लागले, की ते बिचारं स्वतःलाच पचवायला घेतं आणि सुजतं. तुझं तेच होतं. आता गंमत बघ. आपण जेवलो की आतडं एक संप्रेरक रक्तात सोडतं. तेच संप्रेरक उंदराला भरमसाट दिलं तर त्याचं स्वादुपिंड सुजतं, पण आधी अगदी थोडंसं दिलं तर पुढचा तडाखा ते सोसतं. सूज कमी येते, रक्त चांगलं खेळतं. इथवर इतरांनाही माहीत होतं. हे घडवतं कोण, हा आमचा प्रश्न.

म्हणून आम्ही काही उंदरांना मिरचीच्या तिखट अर्काचा मोठा डोस देऊन त्यांच्या बारीक नसा बधिर केल्या. दुखलं की मेंदूला कळवतात ना, त्याच नसा. मग तेच संप्रेरक दिलं, आधी थोडंसं, नंतर भरमसाट. आणि राखण गायब! स्वादुपिंड टम्म! म्हणजे आतड्याकडून निरोप येतो, पण तो घ्यायला नसा जाग्या नाहीत. ज्यांना आपण दुखवतात म्हणून शिव्या घालतो, त्याच आपली राखण करतात रे! मी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला आणि एकटीच हसत बसले. झाडायला आलेल्या मावशींना वाटलं, बाई गेली कामातून.

वहिनीचं शिवणाचं दुकान कसं चाललंय? चिमीला म्हणावं, आत्याचा पापा. पत्राला आळस करू नकोस, आणि माझ्यावरची माया तेवढी पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई


१५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

इकडे सर्व क्षेम. घे, एका शब्दाचे तीन शब्द केले. झालं समाधान?

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि एकदाही जांभई दिली नाही. चिमी आता अक्षरं लावून वाचते, तिनंही वाचलं, आणि तेव्हापासून ती तुला उंदीरआत्या म्हणते. मी रागावलो नाही, कारण नाव मीच सुचवलं.

पण खरं सांगू? तू एवढं शिकून जे शोधलंस ते आम्हा लिफ्टवाल्यांना पहिल्या दिवशी शिकवतात. परवाच एका इमारतीत लिफ्टची धोक्याची घंटा वाजायला लागली ती थांबेना. लोक कानावर हात ठेवून जिन्यात उभे. सगळ्यांचं एकच, आधी ती घंटा बंद करा, मग काय ते तुमचं चालू द्या. मी म्हटलं, जमायचं नाही. बिघाड सापडेपर्यंत घंटेची तार सोडवायची नाही. आमच्या वस्तादांनी पहिल्या दिवशी कान धरून शिकवलेला नियम आहे. त्यांच्या हाताखालच्या एकानं कटकट नको म्हणून तार काढली होती. पुढचं लिहीत नाही, चिमी खांद्यावरून वाचतेय. तर तुझ्या त्या नसा म्हणजे घंटेची तार. बरोबर ना?

माझी तब्येत ठीक आहे. पट्ट्याला एक नवं भोक पाडलं, एवढाच काय तो बदल. कंपनीत फोन करू नकोस. साहेब कान देऊन ऐकतात, आणि तू आवाजावरून भलतंसलतं ओळखतेस. पत्र बरं.

जाता जाता एक विचारतो, चिमी विचारतेय असं समज. एकदा बधिर केलेल्या नसा परत जाग्या होतात का?

थोरपण विसरून थोडा लोभ इकडे वळव.

तुझा,
ढब्बू


२६ मार्च

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. परिषदेसाठी परवा निघायचंय. त्यानंतर तिथल्याच प्रयोगशाळेत काही आठवडे काम आहे. एक पाय इथे आणि एक तिथे. म्हणून चार ओळींतच भागव.

तुझी घंटेची तार मी चोरली. भाषणाची सुरुवातच त्या तारेनं करणार आहे. माझा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो आणि तो म्हणतो की बिघाड सापडेपर्यंत तार सोडवायची नाही. बघ, तुझं नाव सातासमुद्रापार! आमच्या साहेबांना वाचून दाखवली तर ते म्हणाले, तुमच्या भावालाच आणा की इकडे, तुम्ही जा लिफ्ट दुरुस्त करायला.

चिमीला सांग, आमच्या उंदरांच्या तरी नाही झाल्या जाग्या, आम्ही पाहिलं तोवर तरी. गेल्या त्या गेल्या, आणि त्यांच्याबरोबर राखणही गेली. म्हणून तर तारेला हात लावायचा नाही!

पट्ट्याला भोक पाडलंस ते झकास. पोट सुटायला लागलं होतं हो तुझं. आता नाव बदलावं लागणार.

मी परत येईपर्यंत माझ्या वाटणीची माया जपून ठेव.

तुझी,
ताई


१९ एप्रिल

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम असं लिहिते, पण पुढचं वाचा.

हे पत्र मी दुकानात बसून लिहितेय. यांनी मला मागेच बजावलंय की ताईला काही कळवायचं नाही, तिचं मोठं भाषण आहे. पण एव्हाना तुम्ही परत आला असाल, आणि माझा जीव राहत नाही. वन्सं, हे निम्मे झालेत. पट्ट्याला भोकं पाडायला जागा उरली नाही. चार घास खातात आणि टेबलाची कड धरून बसून राहतात. चिमीला वाटतं बाबा खेळतायत, तीही कड धरून बसते. दुखतंय का विचारलं की हसतात आणि नाही म्हणतात. मग मागच्या खोलीत जाऊन गुडघे पोटाशी घेऊन, पुढे वाकून बसलेले दिसतात. तसं बसलं की बरं वाटतं, म्हणाले. म्हणजे एरवी दुखतं ना?

परवा यांची हत्यारांची पेटी पुसायला काढली. डॉक्टरांनी दुखण्यावर दिलेल्या गोळ्या त्यात तशाच. एकही फोडलेली नाही. मी विचारलं, हा काय प्रकार? तर म्हणाले, ताईचं संशोधन आहे. दुखणं कळवणाऱ्या नसा बधिर झाल्या की स्वादुपिंडाची राखण जाते, आणि त्या परत जाग्या होत नाहीत. ताईनं स्वतः लिहिलंय, असं म्हणून मला तुमचं पत्र दाखवलं. इस्पितळात चला म्हटलं तर नाही. तिथे गेल्या गेल्या पहिली ती सुई टोचतात, म्हणाले. बिघाड सापडायच्या आधी तार कापतात लेकाचे.

मी शिवणकाम करणारी बाई, मला यातलं काय कळतं. तुमचं म्हणणं खरंच तसं असेल तर मी गप्प बसेन. यांना दुखताना बघेन आणि गप्प बसेन, कारण तुमचा शब्द म्हणजे यांना देवाचा शब्द. पण खरंच तसं आहे का, एवढं कळवा. लवकर कळवा, वन्सं. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील. माझं ऐकत नाहीत.

चिमी तुमची आठवण काढते. आमच्यावरचा लोभ आहे तसा असू द्यावा, आणि उत्तराला उशीर लावू नये.

तुमची,
वहिनी


२ मे

ती. ताईस,
शि. सा. न.

इकडे सर्व क्षेम लिहिणार होतो, पण परवा घरात कोसळलो आणि हे पत्र इस्पितळाच्या खाटेवर लिहितोय हे तुला ठाऊकच आहे.

काल वॉर्डात तुझा फोन आला तेव्हा सिस्टरनं रिसीव्हर माझ्या कानाशी धरला होता. तू एवढ्या मोठ्यानं ओरडत होतीस की शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यालाही तुझं संशोधन कळलं. तो आता मला मूर्ख म्हणतो. दुखण्यावरच्या सुईनं घंटा थोडा वेळ झाकली जाते, तार तुटत नाही. उंदरांना औषध आधी दिलं होतं, आजार नंतर. माणसावर काहीच सिद्ध झालेलं नाही. ऐकलं गं सगळं, आणि समजलंही. फोन ठेवल्या ठेवल्या मी सुई घेतली. ताई, काय सांगू! इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला छताकडे नुसतं बघता आलं.

तुझ्या वहिनीचं पत्र तुझ्या टेबलावर पडून होतं आणि तू बाहेर होतीस, यात तुझा दोष कुठला? माझा प्रश्न चिमीचा म्हणून विचारला तो मीच. तुला कसं कळावं की उंदीर मीच आहे? सरळ लिहायला हवं होतं, की ताई, मला दुखतं, मी गोळी घेऊ का? पण ते वाक्य माझ्या हातून उतरेना. आपल्या घरची रीत आठवते ना? पलीकडच्या खोलीत आई अंथरुणाला खिळलेली. आईपुढे कुणी स्वतःचं दुखणं काढायचं नाही, असं बाबा म्हणायचे. तू भाजलीस तेव्हा हात पाण्यात बुडवून उभी होतीस आणि मला खुणेनं सांगत होतीस, चूप. मी झाडावरून पडलो तेव्हा तू विचारलंस, लागलं का? मी म्हटलं, छे. हात मोडला होता. आई गेली, बाबाही गेले, पण आपण दोघं अजून त्या खोलीबाहेरच उभे आहोत बघ.

डॉक्टर माझ्यासमोर फारसं बोलत नाहीत. दाराबाहेर बोलतात. उशीर झाला हा शब्द मला ऐकू येतो, लिफ्टवाल्याचे कान आहेत. तुझी वहिनी डोळे पुसून आत येते आणि म्हणते, डॉक्टर खूश आहेत. ती पण आपल्यासारखीच झाली, काय करणार. आणि इथली लिफ्ट तिसऱ्या मजल्याला दोन बोटं खाली थांबते. मला ढकलगाडीवरून वर आणलं तेव्हा तो हिसका असा बसला म्हणतेस! बरा झालो की पहिलं काम तेच.

आता मुद्द्याचं. तू म्हणालीस, रजा मिळाली की आठवडाअखेर निघते. तोवर हे पत्र तुझ्या हाती पडेल असा हिशेब आहे. तू इथे येऊन माझ्या उशाशी बसशील, विचारशील, आणि मी म्हणेन, नाही गं, ठीक आहे. तुझं तोंड बघितलं की माझ्या तोंडून दुसरं निघायचंच नाही, मी मला ओळखतो. म्हणून आधीच लिहून ठेवतो. मी नाही म्हटलं तर खरं मानू नकोस. सुई द्यायला सांग.

ताई, दुखतंय गं. फार दुखतंय. लवकर ये.

तुझा,
ढब्बू

(लोभाचं लिहायचं राहिलं. तो कमी होता कधी?)


२८ मे

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही इथून गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणते. क्षेम काय लिहू.

मी तुमच्यावर रागावलेय. मनात ठेवून कुजत बसण्यापेक्षा लिहून टाकते. सकाळी उठले की वाटतं, तुमच्या त्या मेल्या उंदरांनी माझा माणूस खाल्ला. दुपारी वाटतं, मीच का नाही फरफटत नेलं, पत्राची वाट कशाला बघत बसले. संध्याकाळी यांच्यावर चिडते. हत्यारांची पेटी उघडून त्या पेटीला बोलते. डॉक्टर म्हणाले ना, आधी आणलं असतं तर. ते वाक्य मी रोज पुरं करते.

दुकान उघडलंय. कंपनीतले सगळे येऊन गेले. त्यांच्यातल्या दोघांनी जाऊन इस्पितळाची ती लिफ्ट नीट केली. आता तिसऱ्या मजल्याला बरोबर थांबते, म्हणाले. मी बघायला गेले नाही.

चिमी रडत नाही. शहाणी आहे हो पोर, असं सगळे म्हणतात. तुम्ही इथे होतात तेव्हा ती पायऱ्यांवर आपटली होती, आठवतं? गुडघा फुटला होता. तुमच्याकडे बघून तिनं फ्रॉक खाली ओढला आणि म्हणाली, काही नाही.

रागावले असले तरी माझं दुसरं आहे कोण. लोभ तोडू नका.

तुमची,
वहिनी


९ जून

चि. वहिनीस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम.

पाकिटावर सवयीनं सौ. लिहून गेले, मग ते फाडलं आणि दुसरं घेतलं. तुझा राग पोचला. तो खुशाल ठेव, मला त्याचं ओझं नाही. तू न रागावता गोड लिहिलं असतंस तर मी जास्त भ्याले असते.

वहिनी, त्याचं पत्र आलं होतं. फोनवर मी आठवडाअखेर म्हणाले होते, पण फोन ठेवल्यावर बसवेना. रजा मिळायची वाट न बघता त्याच संध्याकाळी निघाले. पत्र इथे येऊन पडलं तेव्हा मी त्याच्या उशाशी बसलेले होते. परत आले तेव्हा टेबलावर होतं. तू वाचायला हवंस म्हणून सोबत पाठवतेय. आधी शेवटचं पान वाच, मग माझं पुढचं.

मी तिथे असताना एका दुपारी तू चिमीला आणायला गेली होतीस. सिस्टर सुई घेऊन आली. मी त्याला विचारलं, ढब्ब्या, दुखतंय का रे? त्यानं मान हलवली. नाही म्हणाला, ठीक आहे म्हणाला, वर हसलाही. सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं तिला दिसत होतं. आणि मी, वहिनी, मी शहाणी, मी तिला म्हणाले, नाही म्हणतोय तर राहू द्या, जरा माझ्याशी बोलू दे, सुईनं गुंगी येते. ती गेली. दुपारभर त्यानं माझा हात इतका घट्ट धरून ठेवला की अंगठीचा वळ उठला. मला वाटलं, माया. असेलही माया. पण तो टेबलाची कड धरायचा तसा माझा हात धरून होता, आणि मला नाही कळलं. आयुष्य दुखणाऱ्या नसा बघण्यात घालवलं, आणि माझ्याच भावाचं दुखणं माझ्या हातात होतं ते मला कळलं नाही.

आणि सगळ्यात वाईट काय, सांगू? मी उंदरांबद्दल लिहिलं ते अक्षरन् अक्षर खरं होतं. खोटं असतं तर ते फाडून टाकता आलं असतं. परिषदेत घंटेच्या तारेवर लोक हसले, टाळ्या वाजवल्या, आणि तेव्हा तो टेबलाची कड धरून बसला होता. त्यानं मला सगळं सांगितलं होतं गं. पट्ट्याचं भोकसुद्धा सांगितलं. मी त्यावर विनोद केला.

काल उंदरांची पुढची तुकडी बधिर करायची होती. मिरचीचा अर्क भरून घेतला आणि पिंजऱ्यापाशी उभी राहिले. एक उंदीर पुढचे दोन पाय जाळीला धरून बसला होता. माझ्यानं ते होईना. साहेब म्हणाले, काही दिवस घरी राहा. घरी राहून काय करू? मी परत जाईन कामावर. कुणाला तरी शोधावंच लागेल, तुझ्या माणसाचं स्वादुपिंड सुजत होतं कशानं. पण काल नाही झालं.

चिमीचा गुडघा मला आठवतो. मीही तेव्हा म्हणाले, शहाणी गं माझी बाय. चुकले. तिला शहाणी म्हणू नका कुणी. तिला जवळ घे आणि तिच्यासमोर तू मोठ्यानं रड. लोक काय म्हणतील ते म्हणू देत. तिला कळू दे की आपल्या घरात आता दुखतं म्हटलेलं चालतं. पलीकडच्या खोलीत आता कुणी निजलेलं नाही.

वर मी सवयीनं क्षेम लिहिलंय. ते खोडत नाही. खरं इथे लिहिते. वहिनी, मला दुखतंय. फार दुखतंय गं. अंगठीचा वळ गेला, तेव्हापासून जास्तच. चिमीला घेऊन ये, नाहीतर मी येते.

उत्तरात क्षेम लिहू नकोस. राग निवला की लोभ कर. घाई नाही, मी वाट बघीन.

तुझी,
वन्सं